तपासणीची भेट वेगळी, सोबतीची भेट वेगळी

वाचकाचं पत्र

ताई, मी एकात्मिक बालविकास प्रकल्पात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या भागात, २३ अंगणवाड्या, त्यातल्या निम्म्या वाड्यापाड्यांवर. गेल्या वर्षी सेविकांचं प्रशिक्षण झालं. त्यात ‘स्टीम’वर, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला आणि गणित एकत्र गुंफून शिकवण्यावर, एक अख्खं सत्र होतं. सेविका खुशीत परतल्या. पंधरा दिवस ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला: पुठ्ठ्याची रॉकेटं, फेस सोडणारे ज्वालामुखी, भिंतीवर ‘स्टीम कॉर्नर’ची पाटी. मग सगळं थंड. मी भेटीला गेले की मुलं ओळीत बसून पाठ केलेलं म्हणून दाखवतात. मी काही सुचवलं की सेविका ‘हो मॅडम’ म्हणतात, पुढच्या भेटीत पुन्हा तेच. एका ज्येष्ठ सेविकेने तर तोंडावर विचारलं, “मॅडम, पोषण ट्रॅकरच्या अ‍ॅपवर नोंदी भरू, मतदारयाद्या करू, की रॉकेट उडवू?” मला राग आला नाही, कारण तिचं खरंच आहे. शिवाय माझं स्वतःचं विज्ञान दहावीला सुटलं. मी यांना काय शिकवणार? आणि एकटी २३ ठिकाणी कशी पुरणार?
— एक मुख्यसेविका, उत्तर महाराष्ट्र

उत्तर

प्रिय ताई,

त्या ज्येष्ठ सेविकेचा प्रश्न आधी घेते, कारण अख्ख्या पत्रात कामाचा प्रश्न तिनेच विचारला आहे. रॉकेट उडवायचं नाही. पुठ्ठ्याचं रॉकेट सेविका रात्री घरची भांडी आवरून झाल्यावर कापते, रंगवते. सकाळी मुलं त्याच्याभोवती उभी राहतात, फोटो निघतो, संपलं. ज्वालामुखीचंही तेच. सोडा आणि व्हिनेगर सेविकेच्या हातात, फेस आला की मुलांच्या टाळ्या. यात मूल नुसतं बघ्या आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वस्तू हातात घेऊन पाडायची, भिजवायची, मोडायची असते, आणि आपण अमुक केलं की तमुक होतं हे दहा वेळा करून बघायचं असतं. दहाव्यांदाही त्याला कंटाळा येत नाही. कंटाळा आपल्याला येतो.

आणि हे सगळं तुमच्या अंगणवाड्यांत आत्ताही घडतंय. मदतनीसताई भाजी धुवायला पातेल्यात पाणी घेतात. त्यात बटाटा टाकला तर तळाला जातो, वांगं वर राहतं. मुलांना ‘असं का?’ विचारलं, तर चार वर्षांचं पोर सांगेल, “बटाटा जड आहे.” छान, हा त्याचा अंदाज झाला. आता मोठ्या टबात पाणी घेऊन त्यात अख्खा लाल भोपळा सोडा आणि शेजारी एक चिंचोका टाका. एवढा थोरला भोपळा मजेत तरंगतो आणि एवढासा चिंचोका सरळ तळाशी. मुलांच्या चेहऱ्याकडे बघा तेव्हा. अंदाज चुकला की लगेच घनता समजावायला जाऊ नका. पाच वर्षांच्या मुलाला ती कळणार नाही आणि त्याचं काही अडतही नाही. मोठं दिसतं ते बुडतंच असं नाही, एवढं त्याच्या डोक्यात शिरलं तरी दिवस सत्कारणी लागला. बुडणाऱ्या आणि तरंगणाऱ्या वस्तूंचे दोन ढीग करून मोजले, गणित झालं. पाण्याची रेघ ओढून वरच्या वस्तू वर आणि खालच्या खाली अशी चित्रं काढली, कला झाली. वेगळा तास लागला नाही. पाटी तर नकोच.

हे काही कुठून बाहेरून आलेलं खूळ नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा पानं, बिया, शंख-शिंपले, दगड हेच त्यांचं साहित्य होतं. अंगणवाडीच्या ‘आकार’ अभ्यासक्रमात किंवा आता आलेल्या ‘आधारशिला’मध्ये भाज्या, पाणी, प्राणी हे विषय आहेतच. सेविकेने त्यांच्यावर वेगळं नियोजन रचायची गरज नाही. जे आहे ते मुलांच्या हातात द्यायचं, इतकंच.

आता तुमच्याकडे येते, कारण अडचण सेविकांच्या समजेत कमी आणि तुमच्या खुर्चीत जास्त आहे.

मुलं ओळीत बसतात ती तुमच्यासाठी. तुमची स्कूटी वळणावर दिसली की आत निरोप जातो, पसारा उचलला जातो, आणि जे पाठ आहे तेच बाहेर येतं. सेविकांना दोष देऊ नका. तुम्ही शेरेबुकात लिहिता, हजेरी तपासता, वजनाच्या नोंदी बघता, आणि त्या लिहिण्यावर पुढे बरंच काही ठरतं. ज्या बाईच्या हातात शेरा आहे, तिच्यासमोर कोणी नवी, अर्धवट, फसू शकणारी गोष्ट करून का दाखवील? मानधनावर काम करणारी सेविका तो धोका घेणार नाही, आणि घेऊही नये. तुम्ही प्रेमाने केलेली सूचनासुद्धा तिच्या कानावर शेरा म्हणूनच पडते. “हो मॅडम” हे त्यावरचं सगळ्यात सुरक्षित उत्तर आहे.

म्हणून पहिली गोष्ट: भेटी दोन प्रकारच्या करा आणि त्या कधीही एकमेकींत मिसळू देऊ नका. तपासणीची भेट आहे तशी चालू द्या, ती तुमची नोकरी आहे. सोबतीच्या भेटीला मात्र आधी फोन करून जा. सेविकेला दिवस निवडू द्या. त्या दिवशी शेरेबुक उघडायचं नाही, ट्रॅकर बघायचा नाही, फोटो काढायचा नाही. तुमच्यासाठी खुर्ची आणली जाईल. ती बाजूला सारून सतरंजीवर मुलांत बसा. “आज मी तपासायला आले नाही” असं म्हटल्याने पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवणार नाही, दुसऱ्यांदाही नाही. नंतर कधीतरी तुम्ही याल आणि पसारा उचललेला नसेल. तेव्हा समजा, गाडी रुळावर आली.

आणि त्याच दिवशी पटावर २८ मुलं असून समोर बाराच दिसली तर? ते तपासणीच्या भेटीत बघा. फक्त आहार खराब असेल, किंवा मुलाच्या जिवाला धोका वाटेल असं काही दिसलं, तर तिथल्या तिथे बोला. त्यात सोबत-बिबत आणू नका. बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं. हे जमायला कठीण आहे, कारण तुमचा डोळा त्याच सवयीचा आहे.

मग त्या भेटीत करायचं काय? समजा, पोळा चार दिवसांवर आलाय. मंगलताईंनी मुलांना मातीचे बैल करायला बसवलंय. हा विषय स्टीमच्या कुठल्याही किटपेक्षा सरस आहे, कारण चार पायांवर बैल उभा करणं हे अस्सल अभियांत्रिकीचं काम आहे. पाय बारीक केले की बैल बसतो. पोट जड झालं की पाय फाकतात. माती फार ओली असली तर शिंगं लोंबतात. तुम्ही सोनूशेजारी बसलात. त्याचा बैल पडला. त्याने उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो मान वर करून बघतो तोच मंगलताई येतात, दोन बोटांनी पाय जाड करतात, “हे बघ, झाला उभा!” म्हणतात आणि पुढे जातात. सोनू बैल घेऊन बसून राहतो. त्यानंतर त्याने मातीला हात लावला नाही, हे फक्त तुम्ही पाहिलं, कारण मंगलताईंना आणखी अठरा बैल बघायचे होते.

तिथे काही बोलू नका. मुलं घरी गेली, मदतनीसताईंनी झाडायला घेतलं, की दहा मिनिटं बसा. इथे बहुतेक पर्यवेक्षिका घसरतात. “तुम्ही मुलांना स्वतः करू द्यायला हवं” हे वाक्य तुमच्या जिभेवर येईल. ते शंभर टक्के बरोबर आहे आणि शंभर टक्के निरुपयोगी आहे, कारण मंगलताईंनी प्रशिक्षणात ते ऐकलेलंच आहे. त्याऐवजी जे पाहिलं तेवढंच सांगा आणि विचारा: “सोनूचा बैल दोनदा पडला. तिसऱ्यांदा तुम्ही हात लावलात. नसता लावला तर त्याने काय केलं असतं, तुम्हाला काय वाटतं?”

“रडला असता, मॅडम. तो लगेच रडतो.”

“असेल. मला तर वाटलं, तो तुमच्याकडे बघत होता तेव्हा पायाकडे पण बघत होता.”

यावर मंगलताई जरा गप्प होतील. त्या शांततेत तुम्ही बोलू नका, अगदी जीव गेला तरी. मग त्या म्हणतील, “बैल का पडतोय असं विचारलं असतं तर?” किंवा म्हणतील, “उद्या थोडं थांबून बघते.” यातलं काहीही चालेल. ते त्यांच्या तोंडून यायला हवं, बस. एवढंच लिहून घ्या, आणि तेही त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात: ‘पडलेल्या बैलाला लगेच हात लावायचा नाही. आधी विचारायचं.’ पुढच्या भेटीत तेवढं एकच बघायचं. फळ्यावरचं शुद्धलेखन, भिंतीवरचे तक्ते, पाण्याचं पिंप यांच्याकडे काणाडोळा करा.

थांबण्याबद्दल एक जुनं संशोधन तुम्हाला उपयोगी पडेल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. तो एक सेकंद तीनपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद! यासाठी ना किट लागतं, ना निधी. पण करून बघा किती लांब वाटतात ते. मनात ‘एक पोळी, दोन पोळ्या, तीन पोळ्या’ म्हणायचं, तोंड बंद ठेवून. हा प्रयोग आधी तुम्ही स्वतः मुलांबरोबर सेविकेसमोर करा. तुमचा फसला तर फारच उत्तम, दोघी मिळून हसाल.

तुमचं विज्ञान दहावीला सुटलं याची लाज सोडा. मला तर तो तुमचा फायदाच वाटतो. ज्यांना उत्तर येतं त्यांना ते सांगितल्यावाचून राहवत नाही. संत्रं सालीसकट पाण्यात सोडलं की तरंगतं, सोललं की बहुतेक वेळा बुडतं. म्हणजे वजन कमी केल्यावर ते बुडालं! हे का, हे तुम्हाला माहीत नसेल तर मुलांसमोर म्हणा, “मलापण कळत नाहीये, साल नुसती टाकून बघू या का?” साल तरंगते. मग ती हातात घेऊन दाबून बघता येते, तिचा आतला पांढरा भाग किती फुसफुशीत आहे, त्यात हवा भरलेली आहे, हे बोटांना कळतं. सेविकेने मॅडमना ‘मला माहीत नाही’ म्हणताना एकदा ऐकलं, की तिचाही जीव मोकळा होतो. तंत्रज्ञान म्हटल्यावर मात्र सगळे मोबाईलकडे धावतात. या वयाला चिमटा, चाळण, नरसाळं, भिंग, वजनकाटा हेच तंत्रज्ञान आहे. मुलांना वजनकाट्यावर दर महिन्याला चढवतो, कधी त्यांना विटेचं वजन करू देतो का?

आता २३ चा प्रश्न. सगळीकडे पुरायचं नाही. मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली शिक्षकांना वर्गात अशी वैयक्तिक सोबत देण्यावरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले, तिथली परिस्थिती वेगळी, हे मान्य. पण त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. सोबतीने शिकवणं खरंच सुधारतं. मात्र जसजसे शिक्षक वाढत जातात तसतसा परिणाम उतरत जातो. आणि नुसते तास जास्त दिले म्हणून फरक जास्त पडतो, असा पुरावा त्यांना सापडला नाही. तेव्हा या सहामाहीत चार अंगणवाड्या घ्या. प्रत्येकीकडे महिन्यातून एकदा सोबतीची भेट, म्हणजे आठवड्याला एक. एवढं निघतं का बघा. निघत नसेल तर तीन घ्या.

निवड करताना सगळ्यात हुशार चार निवडू नका. तसं केलंत की बाकीच्या म्हणतील, त्यांना जमणारच. ज्या दोन अंगणवाड्या एकमेकींच्या शेजारी आहेत अशा दोन जोड्या घ्या. जोडीत एक बोलकी आणि एक अबोल सेविका आली तर बरं. तुमच्या ज्येष्ठ सेविकेला घ्यायचं की नाही, हे तिलाच विचारा. ‘नाही’ म्हणाली तर नाही. जी जबरदस्तीने येते ती ‘हो मॅडम’च म्हणणार.

जोडीचं काम असं: महिन्यातून एकदा एकीने दुसरीच्या अंगणवाडीत तासभर जायचं. त्या तासापुरती तिची अंगणवाडी मदतनीस सांभाळेल. म्हणूनच मदतनिसांना या सगळ्यातून बाहेर ठेवू नका. एरवी त्यांना कोणत्याच प्रशिक्षणात मोजत नाहीत, आणि मूग कधी भिजवायचे, मोड कधी येतात, ओल्या फडक्यात का बांधायचे, हे साऱ्या अंगणवाडीत त्यांनाच नेमकं माहीत असतं. एक वाटी कोरडी, एक पाण्यात बुडालेली, एक ओल्या फडक्यातली. तिन्हींत मूग टाकून रोज सकाळी मुलांबरोबर बघायचं काम मदतनीसताईंकडे सोपवा. बघा त्या काय काय बोलतात मुलांशी.

जपानमध्ये शिक्षकांची शंभराहून जास्त वर्षांची एक पद्धत आहे. काही जण मिळून एक पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात बसून शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघतात, आणि नंतर चर्चा होते ती पाठाची. शिक्षक चांगला की वाईट, याची नाही. हे तुमच्या बीटच्या मासिक बैठकीत सहज बसेल. बैठक दर वेळी वेगळ्या अंगणवाडीत घ्या, सकाळी, मुलं असताना. पहिला अर्धा तास एक सेविका वांग्या-बटाट्याचा खेळ घेईल आणि बाकीच्यांनी एकेक मूल वाटून घ्यायचं. माझं मूल काय म्हणालं, त्याने कशाला हात लावला, कधी उठून गेलं. मग अहवाल, माहिती, तक्ते, काय असेल ते. क्रम मात्र हाच ठेवा. आधी अहवाल घेतलेत की अर्धा तास कधीच उरत नाही, हे मी सांगायला नको. आणि चर्चेत ‘छान घेतलं’ या वाक्याला बंदी. ते म्हटलं की बोलणं संपतं.

ग्रुपवरच्या फोटोंचं काय करायचं ते थोडक्यात सांगते: बंद करा. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, ज्या सेविकेला वाटेल तिने, मुलाच्या तोंडचं एक वाक्य लिहायचं. ‘चिंचोका पाणी पितो म्हणून बुडतो’ असं काहीतरी. फोटो सजवता येतो, असं वाक्य रचता येत नाही. आणि ते लिहायचं तर मुलाचं ऐकावंच लागतं. त्याखाली अंगठे दाखवण्यापेक्षा तुम्ही एक प्रश्न लिहा: ‘मग भोपळा पाणी पीत नाही का?’ बाकीच्या सेविका उद्या तेच मुलांना विचारतील.

तुमच्यावरच्या साहेबांशी, म्हणजे प्रकल्प अधिकाऱ्यांशी, हे आधीच बोलून ठेवा. सोबतीची भेट ही भेट म्हणून धरली जाईल ना, शेरा नसलेली भेट कागदावर कशी दाखवायची, हे ठरवून घ्या. केंद्र सरकारचं ‘पोषण भी पढाई भी’ हे अंगणवाड्यांसाठीचं अभियान २०२३ साली सुरू झालं तेव्हापासून रोज दोन तास शालापूर्व शिक्षणाची अपेक्षा वरूनच आलेली आहे, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. बोलताना स्टीमचं नाव घ्यायला हरकत नाही, साहेबांना आवडतं. सेविकांपुढे घेऊ नका, त्या रॉकेट करायला बसतील.

त्याच भेटीत आणखी एक मागणी करा, आणि ही नेटाने करा. ज्या चार सेविका यात आहेत त्यांना तेवढे महिने तरी मतदारयाद्यांच्या किंवा इतर उसन्या कामातून सोडवता येतं का. कदाचित येणार नाही, ते काम दुसऱ्या खात्याचं. पण मॅडम आपल्यासाठी हे मागायला गेल्या होत्या, हे सेविकांना कळतंच, अशा बातम्या बीटमध्ये संध्याकाळपर्यंत पोचतात. त्यानंतर सोबतीच्या भेटीचा फोन करून बघा.